स्मृतीचे माप

काही वर्षांपूर्वी तेलंगणाच्या उत्तर सीमेवरील एका महसूल विभागात मी अधिकारी होतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या चरितार्थासाठी आणि कल्याणासाठी संसदेने २००७ साली एक कायदा केला. त्या कायद्याप्रमाणे वृद्धांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी जे न्यायाधिकरण असते, त्याचे काम आमच्यासारख्या अधिकाऱ्यांकडे येते. एका मंगळवारी माझ्यासमोर सत्तरी उलटलेली एक शेतकरी बाई उभी राहिली. सांभाळ करण्याच्या अटीवर तिने आपली चार एकर कापसाची जमीन मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिली होती. सांभाळ होत नाही, तेव्हा जमीन परत मिळावी, एवढेच तिचे मागणे होते.

मुलाने फारसा वाद घातला नाही. त्याने एका रुग्णालयाचा कागद पुढे केला. त्या कागदावर आईच्या बुद्धीची परीक्षा झाल्याची नोंद होती. तीसपैकी चौदा गुण, आणि खाली निदान : डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. 'आईला काही समजत नाही, दुसऱ्यांनी पढवले तसे ती बोलते,' असे त्याचे म्हणणे.

बाई घरी मराठी बोलणारी. तिकडच्या गावांत मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी आणि कोलामी ह्या भाषा एकमेकींना खेटून नांदतात. बाजारापुरते तेलुगू तिला येत होते. परंतु रुग्णालयातली सारी परीक्षा तेलुगूतून झाली होती, आणि तीही पुस्तकी तेलुगूतून. मी तिला मराठीत विचारले, "आजी, आज वार कोणता?" ती म्हणाली, "मंगळवार. बाजार सोडून आली नं मी." मी पुढे विचारले, "साल कोणते चालू आहे?" ती हसली. "साल-गिल मले काय समजते बापा? औंदा कापसाले भाव नाही, एवढं समजते." मागल्या हंगामात किती क्विंटल कापूस गेला, काय भाव मिळाला आणि त्यातले तिच्या हाती किती आले, हे तिने बोटांच्या पेरांवर मोजून दाखवले. मुलाच्या हिशेबाशी तो हिशेब जुळला.

मी वैद्य नाही. आणि माझे दहा मिनिटांचे बोलणे वैद्यकीय तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हेही मला ठाऊक होते. परंतु तीसपैकी चौदा हा आकडा आणि माझ्यासमोर उभी असलेली बाई ह्यांचा मेळ बसेना. त्या आकड्याच्या मागे लागून मी जे वाचले, ज्या जाणकारांना विचारले, त्याचे सार आज आपल्यापुढे ठेवावे असा विचार आहे.

तीस गुणांची ही परीक्षा १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टीन दांपत्य आणि त्यांचे सहकारी मॅकह्यू ह्यांनी तयार केली. रुग्णशय्येजवळ बसून दहा मिनिटांत घेता येते, म्हणून ती जगभर पसरली. तीत वेळेचे भान तपासण्यासाठी पाच प्रश्न आहेत, स्थळाचे भान तपासण्यासाठी पाच. तीन शब्द सांगून ते लगेच म्हणून घेतात आणि काही वेळाने पुन्हा विचारतात. शंभरातून सात, पुन्हा सात, असे पाच वेळा वजा करावयास सांगतात. दोन वस्तूंची नावे, एका वाक्याचा पुनरुच्चार, तीन टप्प्यांची एक आज्ञा. शेवटी एक वाक्य वाचणे, एक लिहिणे आणि एकमेकांत गुंतलेल्या दोन पंचकोनांची आकृती पाहून काढणे. साधारणतः चोविसापेक्षा कमी गुण पडले, की शंका घ्यावी असा संकेत आहे.

आता आपण थोडे गणित करू. शाळेची पायरी न चढलेली, पण बुद्धीने अगदी खणखणीत अशी एखादी आजी ह्या परीक्षेला बसली आहे. सातासातांची वजाबाकी तिला येत नाही, म्हणजे पाच गुण गेले. वाचन, लेखन आणि आकृती, म्हणजे आणखी तीन गेले. बाकीच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिने बिनचूक दिले, तरी तिचे गुण होतात बावीस. एकही गोष्ट न विसरता ती स्मृतिभ्रंशाच्या संशयितांत जाऊन बसते. त्यातून परीक्षा परक्या भाषेत असेल, कान थोडे मंद असतील, समोरचा तरुण डॉक्टर घाईत असेल, तर बाविसाचे चौदा व्हायला कितीसा वेळ?

भाषेची अडचण केवळ शब्दांच्या भाषांतराने सुटत नाही. वजाबाकीऐवजी इंग्रजीत पाच अक्षरांचा एक शब्द उलट्या क्रमाने म्हणावयास सांगण्याची रीत आहे. आपल्या लिप्यांत अक्षर म्हणजे व्यंजन व स्वर ह्यांचा जोड. जोडाक्षरे, काना, मात्रा सांभाळून शब्द उलटा म्हणण्याची आपल्याकडे कोणाला सवयच नसते. पुनरुच्चारासाठी जे इंग्रजी वाक्य आहे, ते जिभेची परीक्षा पाहणाऱ्या बारीकसारीक अव्ययांचे आहे. त्याचा अर्थ मराठीत आणला, तर ती कसोटीच नाहीशी होते. ऋतू कोणता, ह्या प्रश्नाला चार ऋतूंच्या देशात एक उत्तर असते. सहा ऋतू मानणाऱ्या आणि व्यवहारात उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीनच मोजणाऱ्या देशात काय उत्तर बरोबर धरावे? आमच्या पिढीच्या कित्येक आज्यांना इंग्रजी तारीख सांगता येत नसे. परंतु आज वद्य त्रयोदशी आहे आणि परवा अमावास्या, हे त्या पंचांग न उघडता सांगत. त्यांना कालाचे भान नव्हते असे कोण म्हणेल?

आपल्या देशात ह्या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिले गेले, ते हरियानातल्या वल्लभगढ परिसरात. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी ह्या परीक्षेची हिंदी आवृत्ती तयार केली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. त्यांनी शब्दांचे भाषांतर केले नाही, कसोटीचे केले. शंभरातून सात वजा करण्याऐवजी विसातून तीन. शब्द उलटा म्हणण्याऐवजी आठवड्याचे वार उलट्या क्रमाने. लेखी आज्ञा वाचण्याऐवजी 'मी करतो तसे करा'. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगणे. इंग्रजीतल्या त्या अव्ययांच्या जागी 'हेही नाही आणि तेही नाही' अशा अर्थाचे साधे हिंदी शब्द आले. प्रश्न बदलले, परंतु ज्या शक्तीची परीक्षा पाहावयाची, ती शक्ती तीच राहिली.

चीनमधील संशोधकांनी दुसरी वाट चोखाळली. शांघाय शहरात १९८० नंतरच्या दशकात जी मोठी पाहणी झाली, तीत सर्वांना एकच मर्यादा लावली नाही. शाळेत न गेलेल्यांसाठी मर्यादा खाली ठेवली, प्राथमिक शिक्षण झालेल्यांसाठी त्याहून वर, आणि पुढे शिकलेल्यांसाठी आणखी वर. सिंगापूरची अडचण निराळीच. तेथे चिनी, मलाय आणि भारतीय असे तीन मोठे समाज आहेत; पण चिनी म्हणून ज्यांची गणना होते, त्यांतले अनेक वृद्ध मॅन्डरिन न बोलता होक्किएन, तिओच्यू किंवा कँटनीज बोलतात. तेव्हा तेथील वैद्यांनी अलीकडे चित्रांवर आधारलेली एक परीक्षा तयार केली आणि शेजारच्या देशांतही ती पडताळून पाहिली. हा मार्ग आशादायक आहे. मात्र चित्र दाखवले, तरी 'ह्यात काय दिसते ते सांगा' असे म्हणावे लागतेच, आणि ते कोणत्या तरी भाषेतच म्हणावे लागते.

आतापर्यंत मी परीक्षेबद्दल बोललो. परंतु निदान परीक्षेवर थांबत नाही. घरच्या माणसांच्या सांगण्यावरही ते अवलंबून असते. ह्या व्यक्तीला पूर्वी जमत होते ते आता जमत नाही, असे कोणी तरी सांगावे लागते. घोटाळा होतो तो येथेही.

१९९८ साली कोची येथून एक आंतरराष्ट्रीय अभ्यासगट कामाला लागला. त्याने आपले नावच '१०/६६' असे ठेवले. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत असताना संशोधनाचा दहावा हिस्सासुद्धा त्यांच्या वाट्याला येत नाही, हा त्या नावाचा अर्थ. ह्या गटाने लॅटिन अमेरिका, चीन आणि भारत येथे पाहणी केली. आपल्याकडे ती चेन्नई शहरात आणि वेल्लोरच्या ग्रामीण भागात झाली. २००८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिकन मानसोपचार-संघटनेच्या त्या वेळच्या निकषांनी मोजले, तेव्हा पासष्टी ओलांडलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण क्यूबात ६.३ टक्के आले आणि भारताच्या ग्रामीण भागात अवघे ०.३ टक्के. शिक्षण व संस्कृती ह्यांचा विचार करून त्याच गटाने बसवलेल्या निकषांनी मोजले, तेव्हा सर्व ठिकाणांचे प्रमाण ५.६ ते ११.७ टक्के ह्यांच्या दरम्यान आले. माणसे तीच, गावे तीच. मापाची पट्टी बदलताच रोग अनेक पटींनी वाढला.

ह्याचे एक कारण आपल्या घरांतच आहे. पाश्चात्त्य निकषांत दैनंदिन कामकाजात अडथळा येणे ही अट असते. आपल्याकडे सत्तरीच्या आजोबांकडून कामाची अपेक्षाच कोण करतो? स्वयंपाक सून करते, बँकेत मुलगा जातो, औषधे नात देते. म्हातारा माणूस ओसरीवर बसून राहिला, तर 'वय झाले' एवढेच आपण म्हणतो. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तर आपल्या जिभेवर असतेच. हिंदीत त्यासाठी 'सठियाना' असे क्रियापदच आहे. केरळात अशा अवस्थेला बालिशपणा सुचवणारा शब्द आढळला. गोव्याच्या कोंकणीत मज्जातंतूंची दुर्बलता सुचवणारा, पोर्तुगीज वळणाचा शब्द आढळला. ज्या गोष्टीला आपण रोग म्हणतच नाही, तिची तक्रार घेऊन आपण वैद्याकडे कशाला जाऊ?

'स्मृतिभ्रंश' हा आपला प्रौढ शब्दही सर्वस्वी निर्दोष नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो, परंतु तेथे विषयांच्या चिंतनापासून सुरू होणाऱ्या अधःपाताची ती एक पायरी आहे. शिवाय ह्या रोगात केवळ स्मृती जाते असे नाही; विवेक, भाषा, दिशांचे भान आणि स्वभावसुद्धा हळूहळू पालटतो. जपानात ह्या रोगासाठी जो जुना शब्द होता, त्याच्या चित्राक्षरांतून मूर्खपणा ध्वनित होत असे. २००४ साली तेथील शासनाने तो सोडून, आकलनाशी संबंधित विकार अशा अर्थाचा नवा शब्द स्वीकारला. शब्द बदलल्याने रोग बरा होत नाही हे खरे. परंतु रुग्णाला दाराबाहेर काढण्याची कुटुंबाची लाज त्यामुळे थोडी कमी होते.

ह्या ठिकाणी एक घरगुती गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर ती माझ्याकडे राहू लागली. एकदा तिने दुधाचे भांडे चुलीवर ठेवले आणि ती पूजेला बसली. भांडे जळून काळे झाले. पुढे शेजारणीचे नाव तिला आठवेनासे झाले. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. तीच तीस गुणांची परीक्षा झाली. आईला तीसपैकी सत्तावीस गुण पडले. पस्तीस वर्षे मुलांकडून पाढे घोकून घेतलेली बाई ती. वजाबाकीत अडखळणार कशी? वाक्य लिहा म्हटल्यावर तिने वळणदार अक्षरात एक सुविचार लिहून दिला. डॉक्टर म्हणाले, चिंतेचे कारण नाही. मलाही तेच ऐकावयाचे होते. तिच्यात काय बदल झाला आहे, असे मला कोणी विचारले नाही आणि मीही होऊन सांगितले नाही. दोन वर्षांनी ती भाजी आणण्यास गेली आणि घरचा रस्ता चुकली. तेव्हा कोठे खरे निदान झाले. निरक्षर आजीला ज्या मापाने रोगी ठरवले, त्याच मापाने माझ्या सुशिक्षित आईला निरोगी ठरवले होते.

म्हणून निदानातील सारखेपणा म्हणजे काय, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा १९५६ साली झाला. त्यापूर्वी एका तालुक्याची पायली दुसऱ्या तालुक्यात चालत नसे. किलोग्रॅम आला आणि तंटे मिटले. कारण किलोग्रॅमला भाषा नसते. मनाचे माप मात्र शब्दांचेच बनवावे लागते. तेथे सर्वांना तोच प्रश्न विचारला म्हणजे सर्वांना सारखा न्याय मिळाला, असे होत नाही. सारखेपणा हवा तो ह्या गोष्टीचा, की ज्याचा मेंदू खरोखर आजारी आहे त्याला आदिलाबादेत, चेन्नईत आणि सिंगापुरात एकच निदान मिळावे, आणि जो आजारी नाही त्याला कोठेही तो शिक्का बसू नये.

२०११ च्या जनगणनेनुसार दहा हजारांहून अधिक भाषिक असलेल्या १२१ भाषा ह्या देशात आहेत. प्रत्येकीसाठी स्वतंत्र परीक्षा केव्हा तयार व्हावयाची, असा निराशेचा सूर कोणी काढील. परंतु काम सुरू झाले आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक भारतीय भाषांत एकमेकींशी ताडून पाहता येतील अशा चाचण्यांचा संच तयार करविला. देशातील वृद्धांच्या एका व्यापक पाहणीत आणखी चांगली पद्धत अवलंबिली गेली. चाचण्या आणि घरच्यांची मुलाखत वृद्धाच्या भाषेत झाली. मग ती सर्व माहिती दूर बसलेल्या अनेक तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे पाहिली, आणि मते जुळली नाहीत तेथे विचारविनिमय करून निर्णय दिला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढील भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लक्ष लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. स्त्रियांत आणि ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आहे. म्हणजे ज्यांना शाळा कमी मिळाली, त्यांच्यातच रोग अधिक. आणि नेमक्या त्यांच्याच बाबतीत आपली मापे सर्वांत कच्ची.

बहुभाषिकपण ही केवळ अडचण आहे, असे मात्र समजू नये. हैदराबाद येथे सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागल्याचे त्यांना आढळले, आणि हा फरक निरक्षर लोकांतही होता. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बाजारात माझ्या त्या आजीने तेलुगू आणि उर्दू उचलली, तो बाजार तिच्या बुद्धीची तालीमच होता म्हणावयाचे. तिच्या भाषांनी तिला आधार दिला असेल; आम्ही मात्र त्यांतली सर्वांत दुबळी भाषा निवडून तिची परीक्षा घेतली.

रक्ताच्या तपासणीवरून अल्झायमर रोगाच्या खुणा ओळखण्याची साधने आता आली आहेत. अमेरिकेत २०२५ साली अशा एका तपासणीला मान्यता मिळाली. उद्या ती आपल्याकडेही सुलभ होईल. परंतु रक्त फार तर मेंदूत काय साचले आहे ते सांगेल. त्या माणसाला आपले हित कळते की नाही, हे विचारण्यासाठी त्याच्याशी बोलावेच लागेल.

तोपर्यंत आपल्या हाती काय आहे? प्रथम, वृद्धाची परीक्षा त्याच्या घरच्या भाषेत व्हावी. डॉक्टरांना ती येत नसेल तर दुभाषी असावा, आणि ज्याचा त्या निदानात स्वार्थ आहे असा नातेवाईक दुभाषी नसावा. दुसरे, निदानाच्या कागदावर नुसते गुण न लिहिता परीक्षा कोणत्या भाषेत झाली, रुग्णाचे शिक्षण किती, त्याला नीट ऐकू येते काय, चष्मा होता काय, ह्यांची नोंद असावी. तिसरे, काय बदलले आहे हे घरच्यांना विचारावे, आणि घरच्यांनी ते न लाजता सांगावे. चौथे, थायरॉइडची उणीव, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, खिन्नता ह्यांसारखी उपाय असलेली कारणे आधी पाहावीत. ह्यातल्या एकाही गोष्टीसाठी परदेशी यंत्र लागत नाही.

त्या आजीचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. मी तिला दुसऱ्या ठिकाणी, मराठी जाणणाऱ्या डॉक्टरांकडे पाठविले. वयाप्रमाणे थोडा विसर पडतो, कान मंद आहेत, परंतु स्मृतिभ्रंश नाही, असा त्यांनी अभिप्राय दिला. आपण काय करतो आहोत आणि त्याचा आपल्या हिताशी काय संबंध आहे हे ज्याला कळते, तो शहाणा, असे आपला १८७२ चा करारविषयक कायदा सांगतो. त्यात साल सांगता येण्याची अट नाही. बक्षीसपत्र मी रद्द केले.

माझी आई आता मला ओळखत नाही. सायंकाळी मी तिच्याजवळ बसतो, तेव्हा ती कधी कधी मला वर्गातला मुलगा समजून पाढे म्हणावयास सांगते. मी म्हणतो. चुकलो, तर ती अजूनही दुरुस्त करते.